झऱ्यावरची साय

माझ्या कामाचं नाव गावात कुणाला नीट सांगता आलं नाही, यात गावाची चूक नाही. समुद्रात उभ्या असलेल्या तेलविहिरींवर मी चिखल सांभाळतो. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी. खोदकाम चालू असताना विहिरीत सतत एक दाट द्रव फिरत ठेवावा लागतो, त्याला तिथे सगळे मड म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला मड इंजिनिअर. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी सगळ्या वाडीला पेढे वाटले आणि कुणीतरी विचारल्यावर कसंनुसं होऊन सांगितलं की चिखल कालवतो. तेव्हापासून वाडीत माझं नाव चिखल्या पडलं. वडील आयुष्यभर शाळामास्तर होते. शिकवून-सवरून मुलाने चिखल कालवावा हे त्यांना कुठेतरी लागलं असणार. बोलून कधी दाखवलं नाही.

मला मात्र या चिखलाचा अभिमान होता, अजूनही आहे. त्याची सगळी करामत त्यात टाकलेल्या पुडीत असते. पॉलिमर म्हणतात ते हेच. मूठभर पूड पाण्यात पडली की तिचे लांबच लांब धागे सुटतात, एकमेकांत गुंततात आणि पातळ पाण्याची पेज होते. ही पेज खालचा दगडाचा चुरा वर उचलून आणते. शिवाय विहिरीच्या भिंतीला आतून एक पातळ साय धरते, त्यामुळे भिंत ढासळत नाही आणि चिखल फटींतून वाहून जात नाही. साय पातळ हवी, चिवट हवी. कुठल्या जमिनीला कुठली पूड, किती, केव्हा, हे ओळखणं म्हणजे माझं काम. वीस वर्षं मी ते बरं केलं. चिखल गायब व्हायला लागला, म्हणजे खाली कुठेतरी भगदाड लागलं, की मला बोलावतात आणि मी ते भगदाड बुजवतो. ते कुणाचं आहे असं तिथे कुणी विचारत नाही. समुद्राखाली कुणाची विहीर नसते.

आमचं घर मालवण तालुक्यात, धामापूरच्या बाजूला आत. घरामागे चढ आहे आणि चढावर आमची भरडाची कोरडी जमीन. निवृत्त झाल्यावर वडिलांनी तिथे हापूसची कलमं लावली. पोरांच्या हजेरीसारखी ते रोज सकाळी कलमांची हजेरी घेत. पावसाळ्यात प्रश्न नव्हता. माघ सरला की कलमांना पाणी लागायचं आणि आमच्याकडे विहीर नव्हती. पाणी यायचं काकीच्या विहिरीतून.

काकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. आमच्या घराला आणि तिच्या घराला मध्ये एक चिऱ्याचा गडगा, तोही जागोजागी पडलेला. काका जाऊन बरीच वर्षं झाली. तिची विहीर तिने आणि काकांनी लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात स्वतः खणली होती. काका खाली खणायचे आणि ही डोक्यावरून माती वाहायची. सात पुरुष खोलीवर झरा लागला तेव्हा काकांनी खालून हाक मारली आणि ही घाबरून दोर टाकून पळाली, हे ती स्वतःच हसत सांगायची. ती विहीर कधी आटली नाही. वैशाखात पाणी तळाला जायचं, पण सकाळी पुन्हा हंडा बुडेल एवढं व्हायचं. तिच्यावर काकीचे दहा माड, अबोलीचा ताटवा आणि लाल माठाचे दोन वाफे जगायचे. मुलगा वसईला. तो दरवर्षी म्हणायचा, घर बंद कर आणि चल. काकीचं उत्तर ठरलेलं होतं की बावीत पाणी आहे तोवर मी कुठे जात नाही. मुलानेही शेवटी ते मान्य केलं होतं. पाणी गेलं की यायचं, असा मायलेकांचा करारच होता म्हणा ना. आमच्या चढावर टँकर येत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणणं जमणार नव्हतं.

काकीने आम्हाला पाण्याला कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणत नव्हती हेच वडिलांना जड जायचं. वैशाखात तिचं पाणी खाली गेलं की ते आपणहून पंप बंद करायचे आणि कलमं सुकताना बघत राहायचे. आपली स्वतःची बोअर असावी हे त्यांनी मनावर घेतलं होतं. दोनदा हवेच्या दाबाने खोदणारी गाडी आणली. दोन्ही वेळा वरचा जांभा संपला आणि शेडी लागली. शेडी म्हणजे जांभ्याखालची पांढरट-गुलाबी मऊ माती, ओली झाली की लोण्यासारखी. ती ढासळून दोन्ही बोअर बुजल्या. बोअरवाला दुसऱ्यांदा जाताना वडिलांना म्हणाला, मास्तर, ह्या जमिनीत देवच बोअर मारू शकेल.

हे मी ऐकलं आणि मला हसू आलं. ढासळणारी माती धरून ठेवायची, एवढंच तर माझं काम.

गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टीवर आलो तो ठरवूनच. घाटावरून चिखल फिरवून खोदणारं एक लहान यंत्र आणवलं आणि ते चालवायला त्याच बोअरवाल्याला बोलावलं. बरोबर गवार गमची पोती. हे पॉलिमर गवारीच्या बियांपासूनच करतात, आइस्क्रीममध्येही घालतात. काकीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली की गवार खाण्यापेक्षा जमिनीत घालणंच बरं. कालवायला पाणी तिच्याच विहिरीचं घेतलं. पंप तिनेच सुरू करून दिला.

रीतीप्रमाणे आधी गाऱ्हाणं घातलं. वाडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या मानकऱ्यांनी नारळ हातात धरला आणि जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, सांगितलं की तुझ्या लेकराने काम हाती घेतलंय, ते तडीस ने. प्रत्येक वाक्यामागून आम्ही सगळे व्हय म्हाराजा म्हणालो.

ते पहिले दिवस फार चांगले गेले. रिगवर, म्हणजे समुद्रातल्या खोदकामाच्या फलाटावर, चिखलाचा दाटपणा मोजायला खास नरसाळं असतं, एक ठरावीक माप त्यातून वाहून जायला किती सेकंद लागतात ते बघतात. माझ्याकडे आईच्या वेळचं रॉकेलचं नरसाळं होतं. वडील हातातलं घड्याळ काढून समोर धरायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी वही काढून त्यात तक्ता आखला. संध्याकाळी गडग्यापलीकडे उभ्या असलेल्या काकीला ते समजावून सांगत होते की पॉलिमरचे धागे पाण्याला कसे धरून ठेवतात. माझे शब्द जसेच्या तसे, फक्त शाळेतल्या आवाजात. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात वडिलांनी माझं काम दुसऱ्याला समजावून सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी पाठमोरा होतो आणि तसाच राहिलो.

तिसऱ्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला. नवा यायला दोन दिवस लागले. मे महिन्याचा उकाडा आणि गवार गम म्हणजे शेवटी पीठच. ते आंबलं. बोअरशेजारच्या खड्ड्यात कालवून ठेवलेला चिखल पाण्यासारखा पातळ झाला, वास सुटला आणि बोअरची भिंत खाली बसायला लागली. मला राग आला. गवारीचा नव्हे, माझा स्वतःचाच, की घरचं काम म्हणून मी हलकी पूड वापरली. गोव्यात एका ओळखीच्याकडे सेल्युलोजपासून केलेलं दुसरं पॉलिमर होतं. ते कुजत नाही, जंतू त्याला शिवत नाहीत, साय धरतं ती महिनोन्महिने टिकते. दोन पोती मागवून घेतली आणि पुन्हा काम सुरू केलं. भिंत उभी राहिली. शेडीतून आम्ही सुरळीत खाली जायला लागलो.

आणि मग चिखल गायब झाला.

जांभा संपतो आणि शेडी सुरू होते तिथे कोकणात बिळांसारख्या पोकळ्या असतात. आम्ही त्या थराच्या खाली गेलो होतो, पण पाइप वरखाली करताना तिथलीच एखादी पोकळी उघडली असावी. खड्ड्यातला चिखल डोळ्यांदेखत खाली गेला आणि वर आलाच नाही. वडील घड्याळ हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. बोअरवाला म्हणाला, झालं, ही पण गेली.

त्या क्षणी माझ्यात जे जागं झालं ते वीस वर्षांच्या सवयीचं होतं. मी घाबरलो नाही, उलट मला हुरूप आला. भातगिरणीवरून तुसाची चार पोती आणवली. चिखलात दुप्पट पॉलिमर टाकलं, त्यात तूस कालवलं आणि ते दाट कालवण दाबाने खाली सोडलं. एक खेप गेली, दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला चिखल वर आला. भगदाड बुजलं होतं. बोअरवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ही गोष्ट त्याने पुढे चार गावांत सांगितली असं कळलं.

चिखल कुठे गेला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. काकीची विहीर तिथून पन्नास पावलांवर, उताराच्या बाजूला आहे. तिला झरा लागतो तोही जांभा आणि शेडी यांच्या सांध्यावरच. हे मला ठाऊक होतं. शाळेत असताना त्या विहिरीत उतरून मी तो झरा कितीदा पाहिला होता. पण रिगवरचा माणूस भगदाड म्हणजे भगदाडच समजतो. तिथून पाणी येत असेल, ही शक्यता त्याच्या हिशेबात नसते. त्याचा सगळा जन्म बाहेरचं आत येऊ नये यासाठी जातो.

दोन दिवसांनी खाली काळ्या दगडात आम्हाला पाणी लागलं. भिंत धरायला वरपासून पाइप घातला, मोटर सोडली आणि वडिलांच्या कलमांच्या मुळाशी त्यांचं स्वतःचं पाणी वाहायला लागलं. ते प्रत्येक आळ्याजवळ थांबत गेले. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, की बरा शिकलंस हो. मी जेवताना वर पाहू शकलो नाही इतका सुखावलो होतो.

आठवड्याभरात काकीची विहीर आटली.

आधी तिने काही सांगितलं नाही. वैशाख आहे, जाईल खाली, असं तिला वाटलं. मग एका सकाळी हंडा तळावर आपटला, आणि दुसऱ्या सकाळीही. रविवारी तिने गडग्यावरून हाक मारून मला खाली उतरून बघायला सांगितलं. मी दोर धरून उतरलो. तळाशी ओंजळभर पाणी होतं. झऱ्याच्या जागी भिंतीवर पांढरट बुळबुळीत थर होता आणि त्यात तुसाचे कण अडकलेले होते. मी तो दोन बोटांत घेऊन चोळला. आंधळा असतो तरी मी तो ओळखला असता. मीच कालवलेला होता.

वरून काकी विचारत होती, काय दिसतं. मी म्हणालो, शेवाळ धरलंय.

हे वाक्य मी का बोललो, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. खात्री करून घ्यावी असं वाटलं, हे एक. वडिलांचा चेहरा आठवला, हे दुसरं. साय कदाचित आपोआप सुटेल, अशीही आशा होती, जरी ती सुटू नये म्हणूनच मी ते पॉलिमर निवडलं होतं. गवारीचं असतं तर एव्हाना कुजून गेलं असतं आणि झरा मोकळा झाला असता. पण खरं कारण साधं आहे. मला लाज वाटली आणि मला भीती वाटली. वाडीत दुसऱ्या कुणाला यातलं काही कळणं शक्य नव्हतं. बोअरचं पाणी खालच्या दगडातलं आणि विहिरीचं वरच्या झऱ्याचं, दोघांचा संबंध नाही, हे मीच सगळ्यांना आधी पटवून दिलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर ते माझ्याबरोबरच गेलं असतं.

आमच्या बोअरचं पाणी आम्ही काकीला नळी टाकून दिलं. तिने ते माडांना घातलं, भांडी घासली. प्यायला मात्र घेतलं नाही. तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

दरवर्षी होळी झाली की काकी राखणदाराला रोट द्यायची. तांदळाची जाड भाकरी आणि नारळ, वरच्या किंजळीच्या झाडाखाली, त्याच्या जागेवर. त्या वर्षी गुडघ्यांमुळे तिला चढवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात जाईन म्हणता म्हणता राहून गेलं होतं. विहीर आटली ती त्यामुळे, हे तिने स्वतःशी पक्कं केलं. सोमवारपासून तिने अन्न सोडलं. सकाळी चहा, रात्री एखादं केळं. वसईला फोन करून मुलाला सांगितलं की जूनच्या आधी न्यायला ये, जागेवाल्याची माझ्यावर मर्जी राहिली नाही.

वडिलांनी हे जेवताना सांगितलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. म्हणाले, आपल्याकडे पाणी आलं आणि तिचं गेलं, देवाच्या मनात काय असतं कोण जाणे. मी भात कालवत बसलो.

बुधवारी सकाळी गाऱ्हाणं ठरलं. काकीला दोन बायकांनी धरून वर आणलं. किंजळीखाली ती हात जोडून उभी राहिली, बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिच्या उपासाचा तिसरा दिवस होता. मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो, कारण ती पडेल अशी मला भीती वाटत होती. मानकऱ्यांनी नारळ पुढे धरला.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा. आज ह्या तुझ्या लेकीच्या हातसून कळत-नकळत काय चुकला आसात, ता पोटात घाल, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. ओठांनी म्हणालो आणि आवाजही निघाला. शेजारी काकीने डोळे मिटून डोकं एवढं खाली घातलं होतं की पदर पुढे आला होता. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्यात, त्यांतल्या काही महागही पडल्या असतील. पण त्या दोन शब्दांची मला आजही शरम वाटते.

गुरुवारी सकाळी मी वडिलांना सांगितलं. ते कलमांना पाणी घालत होते. सगळं सांगितलं, तूस, पॉलिमर, झऱ्यावरची साय, रविवारी हाताला लागलं ते. मास्तर माणूस, पोराने कबुली दिली की पूर्ण ऐकून घ्यायची त्यांची पद्धत होती. मग त्यांनी विचारलं की झरा मोकळा करता येईल का. मी सांगितलं की ब्लीचिंग पावडरने ही साय विरते, ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायला टीसीएल देतात तीच. पण नुसती विहिरीत टाकून ती आतपर्यंत जाणार नाही; भगदाड आपल्या बोअरच्या पाइपामागे आहे, तिथे पोहोचवायची तर पाइप उपटावा लागेल. पाइप निघाला की शेडी ढासळणार. बोअर जाईल.

वडील नळी हातात धरून उभे राहिले. आळं भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी त्यांनी नळी हलवली नाही.

"पाइप काढ," ते म्हणाले. "आणि तिका तू सांग. मी सांगूचंय नाय."

शुक्रवारी बोअरवाला पुन्हा आला. त्याला वाटलं आम्हाला वेड लागलंय. चांगल्या चालत्या बोअरचा पाइप कोण उपटतं, असं तो तीन-तीनदा म्हणाला. साखळी बांधून पाइपाचा पहिला तुकडा वर आला तेव्हा आवाज ऐकून काकी गडग्याशी आली. तिनेही तेच विचारलं, की पाणी लागलेलं असताना पाइप का काढताय. मी गडगा ओलांडून तिच्या पडवीत गेलो. ती खाली बसली, मी समोर जमिनीवर बसलो.

मी सांगितलं. वडिलांना सांगितलं होतं त्यापेक्षा सोपं करून सांगितलं. म्हणालो, काकी, तुझ्या बावीचा झरा मी बुजवलाय. गवारीच्या पिठासारखंच दुसरं एक पीठ होतं, न कुजणारं, ते आणि तूस माझ्या हाताने तुझ्या झऱ्यात गेलं. राखणदाराचा यात काही संबंध नाही. तुझा तर नाहीच.

तिने फार हळू विचारलं, "मगे माझ्याकडसून काय चुकला नाय?"

मी म्हणालो, नाही, काही चुकलं नाही.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती रडत होती ते सुटल्यासारखी, आणि मला वाटलं, निभावलं. रागावेल, शिव्या देईल, मुलाला फोन करेल, वाडीला गोळा करेल, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. यातलं काहीच झालं नाही. तिने पदराने तोंड पुसलं. मग तिच्या ध्यानात काहीतरी आलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

"तुका कधी कळला?"

खोटं बोलायला जागा होती. काल कळलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, रविवारी, खाली उतरलो तेव्हा.

तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवला. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारच्या पेरावर अंगठा थांबला.

"म्हणजे थंय तू माझ्या वांगडा उभो होतंस, तेव्हा तुका ठावक होता."

मी मान हलवली.

"बावीचा माका काय नाय," ती म्हणाली. "पाणी गेला तसा येतला. पण तू माका देवासमोर गुन्हेगार करून उभी ठेवलंस."

एवढं बोलून ती भिंतीचा आधार घेत उठली आणि आत गेली. आतून चूल पेटवल्याचा वास आला. चार दिवसांनी तिने पेज टाकली असणार. मी पडवीत बसून राहिलो. बाहेर पाइपाचे तुकडे एकेक करून वर येत होते आणि वडील ते उचलून गडग्याला नीट लावून ठेवत होते.

टीसीएलचं पाणी आम्ही दिवसभर बोअरमध्ये सोडलं. पंपाने ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. संध्याकाळी शेडी बसली आणि बोअर बुजली. ज्या जागी एवढे दिवस घाम गाळला तिथे एक खळगा राहिला. वडिलांनी त्यावर दगड ठेवला आणि घरात निघून गेले. त्या उन्हाळ्यात त्यांची सहा कलमं गेली. त्यांनी हजेरी घ्यायचं सोडलं नाही.

काकीच्या विहिरीत दुसऱ्या दिवशी झऱ्यातून पांढरा फेस आणि तूस बाहेर आलं. मी खाली उतरून बादलीने गाळ काढत राहिलो, बोअरवाला वरून ओढत होता. तिसऱ्या दिवशी धार दिसली, करंगळीएवढी. दोन वेळा विहीर पूर्ण उपसून टाकली. सहाव्या दिवशी सकाळी हंडा बुडला. पहिल्यासारखी धार अजूनही नाही, ती येईल असं मी कुणाला सांगत नाही. पण या वैशाखात विहीर आटली नाही, आणि काकी वसईला गेली नाही.

वाडीलाही मीच सांगितलं, किंजळीखाली, पुढच्या बुधवारी. मानकऱ्यांनी ऐकून घेतलं आणि माणसं आपापल्या घरी गेली. चिखल्या म्हणायचं मात्र बंद झालं. ते मला आवडायला लागलं होतं, हे तेव्हा कळलं.

सुट्टी संपली तेव्हा निघायच्या सकाळी मी काकीकडे गेलो. त्या सगळ्या दिवसांत ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली होती, दोर घट्ट धर, पाय सांभाळ, एवढंच. मी वाकून पाया पडलो. डोक्यावर हात ठेवायची तिची सवय होती, तो आला नाही. मी उठलो, पिशवी उचलली आणि खळ्याच्या कडेपर्यंत गेलो.

"रे," ती मागून म्हणाली. मी वळलो. ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती.

"पुढच्या वेळेक काय चुकला तर पयल्याच दिसाक येवन सांग."

मी हो म्हणालो आणि चालायला लागलो. वडील मला कुडाळ स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी आली, मी चढलो, जागा मिळाली, पिशवी वर ठेवली. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की तिने माझ्या नावे पुढची वेळ शिल्लक ठेवली आहे. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला पाण्याची बाटली देऊ केली, तेव्हा कळलं की मी रडत होतो.